उत्तरेच्या बाल्कनीतली तुळस आणि प्रकाशसंश्लेषणाचा हिशोब

घोडबंदर रस्त्यावरच्या एका संकुलात चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांनी तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांची बाल्कनी उत्तरेला आहे. तिथे तुळस टिकत नाही, दर पंधरा दिवसांनी खत घालूनही पानं पिवळी पडून गळतात, ते का? त्यांच्या अकरावीतल्या लेकीला प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण पाठ आहे, पण पानात खरोखर काय घडतं ते उमगत नाही, ते समजावून सांगाल का? आणि नर्सरीतून ‘हे रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतं’ असं सांगून दिलेलं स्नेक प्लांट झोपायच्या खोलीत ठेवल्याने हवा सुधारते का?

ठाण्यातल्या महाविद्यालयात मी वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र शिकवत आले, आणि हे तिन्ही प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांतून पुन्हा पुन्हा ऐकू आले आहेत. तिन्हींची किल्ली मधल्या प्रश्नात आहे, म्हणून आधी लेकीच्या शंकेकडे वळते.

झाड आपलं अंग कशाचं बनवतं, इथून सुरुवात करू. ब्रसेल्सजवळ राहणाऱ्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांनी २०० पौंड वाळवलेली माती तोलून कुंडीत भरली, तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंड आणि काही औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम २ औंस कमी झाली होती. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापून आला. झाड सगळंच्या सगळं पाण्याचं बनतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धा बरोबर होता. हवेचा वाटा तेव्हा कोणाच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, आणि तो सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. हा वायू हवेच्या दहा लाख भागांत आज सव्वाचारशे भागांच्या आसपास एवढाच आहे. येऊरच्या जंगलातला मिठीत न मावणारा साग इतक्या विरळ वायूतून उभा राहिला आहे, ही गोष्ट वर्गात सांगताना मला दर वर्षी नव्याने भरून यायचं.

पुढची दीडशे-दोनशे वर्षं या कोड्याचे तुकडे एकेक करून जुळत गेले. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ साली दाखवलं की मेणबत्ती विझून ‘बिघडलेली’ बंद हवा पुदिन्याच्या रोपाने पुन्हा सुधारते. यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये त्यात कळीची भर घातली: हे काम फक्त हिरवे भाग करतात, आणि तेही उजेडातच. अंधारात तीच पानं आपल्यासारखाच श्वासोच्छ्वास करत हवा वापरतात. तुमच्या स्नेक प्लांटचं अर्धं उत्तर १७७९ सालीच मिळालेलं आहे, त्याकडे पुढे येतेच.

आता पानात शिरू. पानाच्या पेशींमध्ये हरितलवकं (क्लोरोप्लास्ट) नावाचे बारीक हिरवे कण असतात, आणि प्रत्येक हरितलवकाच्या आत चपट्या पिशव्यांच्या चळती रचलेल्या असतात. त्या पिशव्यांना थायलाकॉइड म्हणतात. त्यांच्या पातळ पडद्यात हरितद्रव्याचे रेणू बसवलेले असतात. ते विखुरलेले नसतात, शेकडोंच्या गटाने प्रथिनांत नीट मांडलेले असतात. प्रकाशाचा कण यांपैकी कोणत्याही रेणूवर पडला, की त्याची ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे सरकत गटाच्या मध्यभागी पोहोचते. तिथे हरितद्रव्याची एक खास जोडी असते, आणि ऊर्जा मिळताच ती आपला एक इलेक्ट्रॉन सोडून देते. अख्ख्या प्रकाशसंश्लेषणातली ही एकच पायरी अशी की जिथे प्रकाशाचं रसायनात रूपांतर होतं. बाकी सगळं त्या सुटलेल्या इलेक्ट्रॉनचा प्रवास आहे.

इलेक्ट्रॉन गमावलेली ती जोडी आता इतकी भुकेली होते की पाण्यासारख्या स्थिर पदार्थातूनही इलेक्ट्रॉन ओढून घेते. हे काम तिच्याजवळ बसलेला मँगनीजच्या ४ आणि कॅल्शियमच्या १ अणूंचा छोटासा पुंजका करतो. पाण्याचे दोन रेणू फोडले की ४ इलेक्ट्रॉन मिळतात, ४ प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण, ज्यांच्यामुळे द्रव आम्ल होतो) मोकळे होतात आणि ऑक्सिजनचा १ रेणू बाहेर पडतो. पिएर जोलिओ यांनी १९६९ च्या सुमारास हरितलवकांवर प्रकाशाचे क्षणभराचे झोत एकामागून एक टाकून पाहिले, तेव्हा ऑक्सिजन दर चौथ्या झोताला उसळी घेत होता. चार इलेक्ट्रॉन, चार झोत. (हे जोलिओ म्हणजे मेरी क्युरी यांचे नातू.) त्या पुंजक्याला हे असं मोजून काम करताना पाहणं हा माझ्या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग आहे, असं माझं मत आहे.

तुमच्या लेकीने एक गोष्ट मनात पक्की करावी: आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसतो, पाण्यातला असतो. १९४१ साली सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा वजनदार, म्हणून ओळखू येणारे ऑक्सिजनचे अणू) असलेलं पाणी शैवालाला देऊन हे दाखवलं. खूण पाण्याला केली की ती बाहेर पडणाऱ्या वायूत सापडली, कार्बन डायऑक्साइडला केली की सापडली नाही. म्हणूनच समीकरण (कार्बन डायऑक्साइडचे ६ आणि पाण्याचे ६ रेणू मिळून साखरेचा १ आणि ऑक्सिजनचे ६ रेणू) लिहिताना डाव्या बाजूला पाण्याचे ६ ऐवजी १२ रेणू आणि उजव्या बाजूला पुन्हा ६ रेणू लिहिणं अधिक प्रामाणिक ठरतं. वायूतले ६ ऑक्सिजन रेणू, म्हणजे १२ अणू, येतात ते त्या १२ पाण्यांमधूनच.

पाण्यातून निघालेला इलेक्ट्रॉन पडद्यातल्या वाहकांच्या रांगेतून उतरत जातो. वाटेत हरितद्रव्याच्या दुसऱ्या केंद्रावर पुन्हा प्रकाश पडतो आणि त्याला दुसऱ्यांदा वर उचलतो. शेवटी तो एनएडीपीएच या, इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूत जाऊन बसतो. पुस्तकात इंग्रजी झेड अक्षरासारखी वेडीवाकडी आकृती असते ती हीच. दोन ठिकाणी प्रकाशाने दिलेला हात आणि मधला उतार. याच उतारावर इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेने प्रोटॉन थायलाकॉइडच्या पिशवीत ढकलले जातात. आत आम्लता वाढत जाते, बाहेर ती कमीच राहते. कोयनेचं साठलेलं पाणी उतरताना जनित्र फिरवतं, तसे हे प्रोटॉन बाहेर येताना पडद्यातलं एक प्रथिन अक्षरशः गरागरा फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा पुष्कळांना ती पटली नव्हती. मग आंद्रे यागेनडॉर्फ यांनी हरितलवकांच्या पिशव्या आधी आम्लात बुडवल्या आणि नंतर, पूर्ण अंधारात, अल्कधर्मी द्रावणात टाकल्या. प्रकाशाचा किरणही नसताना एटीपी बनलं. प्रोटॉनचा चढ-उतार पुरेसा होता. मिचेल यांना १९७८ साली नोबेल मिळालं.

इथपर्यंत साखर कुठेच आलेली नाही. प्रकाशाने फक्त दोन गोष्टी तयार करून दिल्या, एटीपी आणि एनएडीपीएच. साखर बनते ती पिशव्यांच्या बाहेरच्या द्रवात, ज्याला स्ट्रोमा म्हणतात. मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी शैवालाला किरणोत्सारी कार्बन देऊन, काही सेकंदांतच ते उकळत्या अल्कोहोलमध्ये मारून, कार्बन कुठपर्यंत पोहोचला ते टप्प्याटप्प्याने शोधलं. पाच कार्बनच्या एका साखरेला कार्बन डायऑक्साइडचा रेणू जोडला जातो आणि लगेच तिचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. एटीपी आणि एनएडीपीएच खर्च करून त्या तुकड्यांची साखर होते, आणि बहुतेक माल पुन्हा ती पाच कार्बनची साखर घडवायलाच वापरला जातो. तीन रेणू कार्बन डायऑक्साइड आत घेतले की ९ एटीपी आणि ६ एनएडीपीएच खर्चून तीन कार्बनचा फक्त एक तुकडा झाडाच्या हाती उरतो. त्यातून सुक्रोज होतं, स्टार्च होतं, सेल्युलोज होतं. फाल्गुनात येऊरचा पळस पानं नसताना फुलतो, तो आधी साठवून ठेवलेल्या याच पुंजीवर.

पाठ्यपुस्तकात याला ‘अंधारातली अभिक्रिया’ म्हटलेलं असेल तर लेकीने सावध राहावं. ती रात्री चालत नाही. तिला प्रकाश थेट लागत नसला तरी एटीपी आणि एनएडीपीएच प्रकाशातूनच येतात, आणि तिची कित्येक विकरं (अभिक्रिया घडवणारी प्रथिनं, एन्झाइम) अंधार पडताच बंद होतात.

कार्बन पकडणाऱ्या विकराचं नाव रुबिस्को. पृथ्वीवर सर्वांत मुबलक असलेल्या प्रथिनांत त्याची गणना होते, आणि त्याचं कारण विचार करायला लावणारं आहे: ते अतिशय मंद आहे. सेकंदाला जेमतेम तीन-चार रेणू. इतर विकरं तेवढ्या वेळात हजारो हाताळतात. मंदपणाची भरपाई झाडं संख्येने करतात. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत वाटा एकट्या रुबिस्कोचा असू शकतो. त्यातही हे विकर अधूनमधून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं, आणि मग झाडाला हाती आलेला कार्बन गमवावा लागतो. ऊन तापलं की ही चूक वाढते.

उष्ण प्रदेशातल्या गवतांनी यावर तोडगा काढला. उसामध्ये कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात बांधला जातो आणि मग आतल्या पेशींत नेऊन रुबिस्कोच्या भोवती दाट करून सोडला जातो. मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी १९६६ मध्ये हा मार्ग उलगडला. मका, ज्वारी आणि बाजरी त्याच वाटेने जातात. भात मात्र जुन्या, साध्या वाटेनेच जातो.

तिसरी वाट निवडुंग, अननस, पानफुटी आणि तुमच्या स्नेक प्लांटची. कोरड्या जागी दिवसा पर्णरंध्रं (पानांवरची हवा आत-बाहेर सोडणारी बारीक छिद्रं) उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून ही झाडं रात्री रंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा रंध्रं मिटून त्याच साठ्यातून साखर करतात. भारतात काम केलेल्या बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पानं सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात हे नोंदवलं होतं. त्यांचं ते पत्र १८१५ साली छापलं गेलं.

तेव्हा नर्सरीतल्या सांगण्यात एक खरा धागा आहे: ही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात. पण ऑक्सिजन पाणी फुटल्यावरच येतो, आणि पाणी फुटायला प्रकाश लागतो. अंधारात ऑक्सिजन सोडणारं हिरवं झाड नाही. स्नेक प्लांट नाही, तुळस नाही, पिंपळही नाही. दिवसाचा हिशोबही पाहा. चांगल्या उन्हात एक चौरस मीटर पानं तासाला एक लिटरहून थोडा कमीच ऑक्सिजन देतात. माणसाला दिवसाला साधारण ५५० लिटर लागतो. म्हणजे रात्रीचा श्वसनाचा खर्च वगळला तरी एका माणसामागे साठ-सत्तर चौरस मीटर पानं, तीही दिवसभर उन्हात. खोलीतल्या अंधुक उजेडात हा आकडा कितीतरी पटीने फुगतो. कुंडी झोपायच्या खोलीत जरूर ठेवा, तिचा त्रास काहीच नाही. हवा खेळती राहण्यासाठी मात्र खिडकी उघडा.

आता तुळस. सगळी गोम उजेडाच्या मोजणीत आहे, आणि तिथे आपले डोळे दगा देतात. बाहुली मोठी-लहान करून डोळा अंधुक खोलीही लख्ख भासवतो. मोबाइलवर लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजणारं ॲप घ्या, त्याचे आकडे ढोबळ असले तरी पुरतात. मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर सुमारे एक लाख लक्स मिळतील. उत्तरेच्या बाल्कनीत कठड्यापाशी, समोर मोकळं आकाश असेल तर, पाच-दहा हजार. समोर दुसरा टॉवर असेल तर त्याहून बरंच कमी. खोलीत खिडकीपासून दहा फुटांवर शंभर ते तीनशे. ऊन आवडणाऱ्या झाडाला आपल्या पानांचा त्या क्षणीचा श्वसनखर्च भागवायलाच हजारेक लक्स लागतात. त्यावर मुळांचा खर्च, रात्रीचा खर्च, आणि मग वाढ. तुळशीला थेट ऊन पाच-सहा तास हवं, ते यासाठी.

तुमच्या बाल्कनीत ते वर्षभर मिळणार नाही, आणि त्याचं गणित आकाशात आहे. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मार्च ते सप्टेंबर सकाळी आणि संध्याकाळी तो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेकडे झुकलेला असतो, म्हणून त्या काळात तिरपं ऊन बाल्कनीत येतं. पण त्यातले जून आणि जुलै ढगांनी झाकलेले. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत तर थेट किरण येतच नाही. तुळस दिवाळीनंतर खचत असेल, तर कारण हेच.

मग आपण काय करतो? पानं पिवळी दिसली की खत आणि पाणी वाढवतो. नेमकं तेच झाडाला जड जातं. उजेड कमी असला की पानं पाणी कमी ओढतात, कुंडीतली माती दिवसेंदिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. खताचे क्षार वापरले जात नाहीत, ते साठून मुळांना चटका देतात. खालची, सावलीतली पानं कमावण्यापेक्षा खर्चच जास्त करतात. झाड त्यांतला नायट्रोजन काढून वरच्या पालवीला देतं आणि त्यांना गाळतं. बाहेरून हे खताच्या कमतरतेसारखंच दिसतं.

खताची खरी गरज कुठे असते तेही सांगते, म्हणजे घोटाळा होणार नाही. हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू आणि भोवती नायट्रोजनचे चार अणू असतात. रुबिस्को बनवायला नायट्रोजन भरपूर लागतो. म्हणून भरपूर उन्हातल्या, वाढत्या झाडाची जुनी पानं एकसारखी पिवळी पडली तर नायट्रोजन कमी आहे. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम कमी आहे, आणि तेच कोवळ्या पानांत दिसलं तर लोह. साखर बनवायचं यंत्र उभारायला हा माल लागतो. यंत्र चालवणारी ऊर्जा खताच्या पिशवीतून येत नाही.

आणखी एक बाब, जी आपल्या भागात फार दुर्लक्षित राहते: धूळ. बांधकामं आणि वाहतूक यांमुळे पानांवर थर बसतो. तो प्रकाश अडवतो आणि रंध्रंही बुजवतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. उत्तरेच्या बाल्कनीत याचा फायदा खताहून जास्त होतो.

लेकीसाठी एक प्रयोग सुचवते. मत्स्यालयाच्या दुकानात हायड्रिला मिळतं. जगदीशचंद्र बोस यांनी याच वनस्पतीवर, ऑक्सिजनचे बुडबुडे आपोआप नोंदवणारं उपकरण बनवून प्रकाशसंश्लेषण मोजलं आणि १९२४ साली ते काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलं. काचेच्या ग्लासात चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी घ्या, ताजी कापलेली फांदी कापलेलं टोक वर करून बुडवा, आणि एलईडी दिवा आधी अर्ध्या फुटावर, मग एक फुटावर, मग दोन फुटांवर ठेवून दर मिनिटाचे बुडबुडे मोजा. दर वेळी मोजण्याआधी पाच मिनिटं थांबा. अंतर वाढताना बुडबुडे किती झपाट्याने कमी होतात ते तिने स्वतः पाहिलं, की कठड्यापासून चार फूट आत ठेवलेली कुंडी का झुरते ते तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

तुळस सोसायटीच्या गच्चीवर किंवा दुसऱ्या बाजूच्या, ऊन येणाऱ्या खिडकीत हलवता आली तर हलवा. ते जमत नसेल तर ऑक्टोबर ते मार्च तिच्यावर फूटभर उंचीवर २० वॉटची साधी पांढरी एलईडी पट्टी रोज दहा-बारा तास लावा. जांभळा दिवा विकत घेण्याची गरज नाही. त्या काळात खत पूर्ण थांबवा आणि बोट दोन पेरं मातीत खुपसून कोरडं लागलं तरच पाणी घाला. कठड्याजवळची जागा नागवेल, मनी प्लांट आणि नेच्यांना द्या. ही मुळात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी मंडळी आहेत, त्यांची पानं काहीशे लक्सवरही खर्च भागवतात. त्यातही नागवेलीला ओलावा आवडतो, म्हणून तिची कुंडी कठड्याजवळच, पण या कुंड्यांच्या आतल्या बाजूला, वाऱ्यापासून दूर ठेवा.